उपरण्याखालचा हात

मंडळी,

वेल्ह्याच्या डोंगरात हिरडा गोळा करणारी माणसं आज रिकाम्या हातांनी खाली उतरली आहेत. उत्रोलीची, सारोळ्याची माणसं आली आहेत. या वखारीच्या अंगणात इतकी माणसं मालाशिवाय कधी बसली नव्हती. मी शाळामास्तर. बोलण्यावरच माझं पोट आहे. तरी आज वाक्य जुळत नाही. गणपतदादा माझा थोरला भाऊ. तेरा दिवसांपूर्वी गेला. वय एक्कावन्न.

बाजारात त्याला धाकले शेठ म्हणत. केस पांढरे झाले तरी धाकले शेठ. कारण थोरले शेठ, आमचे वडील, आबा, गादीवर होते. आजही आहेत. समोर बसले आहेत, नेहमीच्याच जागी.

आबा दादाला तयार करत होते. हे मी लहानपणापासून ऐकलं. पाहुणा आला की आबा सांगत, "गणपाला तयार करतोय." सतराव्या वर्षी त्याची शाळा सोडवली आणि गादीमागं उभं केलं. बघायला. दादा बघत राहिला. मुठीत हिरडा खुळखुळवून तो सुका की ओला हे तो डोळे मिटून सांगायचा. कुठल्या वाडीत कुणाच्या अंगणात किती माल वाळतोय, त्याला ठाऊक असायचं. तयार व्हायचं आणखी काय राहिलं होतं?

एक राहिलं होतं. आपल्या धंद्यात भाव तोंडानं ठरत नाही. वर उपरणं, खाली दोन हात. बोटं धरायची, दाबायची, सोडायची. आपल्या बाजूचा तो हात नेहमी आबांचा. चौतीस वर्षं दादानं ते उपरणं घडी करून आबांच्या हाती दिलं. त्याखाली त्याचा हात गेला नाही.

एकदाच गेला. महायुद्ध सुरू होऊन वर्ष झालं होतं. आबा तापानं आत पडले होते. पुण्याचा व्यापारी गाड्या घेऊन आला, थांबायला तयार नव्हता. दादा पुढं आला. गादीवर बसला नाही. उभ्यानंच उपरण्याखाली हात घातला. सौदा झाला. भाव चांगला होता. इथं बसलेले जाणते आजही तसं म्हणतात. गाड्या निघाल्यावर आबांना कळलं. अंथरुणातून म्हणाले, "मोडून ये."

दादा म्हणाला, "आबा, हात दिलाय म्या."

"तुझा दिलास. माझा न्हाई."

दादानं नीरेच्या पुलाजवळ गाड्या गाठल्या. माल परत आणला. व्यापारी चिडला नाही, हसला. म्हणाला, "धाकले शेठ, पुढच्या खेपेला वडिलांचा हात उसना घेऊन या." दादा तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता.

त्यानंतर त्यानं कधी हात पुढं केला नाही. मी विचारलं की म्हणायचा, "शिकतोय अजून, मास्तर." आणि हसायचा. मीही हसायचो. तो उभा राहिला म्हणून मी पुण्याला शिकायला जाऊ शकलो. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही.

शेवटच्या दिवशी मी त्याच्याजवळ होतो. वाचा गेली होती. त्यानं चादरीखालून माझा हात धरला. तीन बोटं दाबली. सोडली. मग अख्खा पंजा. आणि माझ्याकडं बघत राहिला, मी उत्तर देईन म्हणून. मला ती भाषा येत नाही. आबा, तुम्हाला येते. मी माणूस धाडला होता. तुमचा निरोप आला, "गिऱ्हाईक बसलंय, आलोच."

काल तेरावं झालं. पंगत उठल्यावर आबांनी दादाच्या मुलाला, शंकरला, बोलावलं. बावीस वर्षांचा आहे. त्याला म्हणाले, "उद्यापास्नं माझ्या मागं उभा ऱ्हा. तयार करतो तुला."

म्हणून मी बोलायला उभा राहिलो. नाहीतर घरातच रडलो असतो.

आबा, चारचौघांत मागतो. येत्या बाजारी उपरण्याखाली शंकरचा हात असू द्या. तो चुकेल. चुकू द्या. पण त्यानं दिलेला हात मोडू नका.

काय म्हणालात?

मागं ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. आबा म्हणाले, "पोर ल्हान हाय अजून."

बरं.

मंडळी, उठू या. दोन मिनिटं काही न बोलता उभं राहायचं आहे. दादाला याची सवय होती. आबा, तुम्हीही उठा. शंकर, आजोबांना हात दे. दोन मिनिटं ती गादी रिकामी राहू दे. दादासाठी ती तेवढा वेळसुद्धा कधी कुणी रिकामी केली नाही.