गच्चीवरचा बोळा

आमच्या ह्यांना पावसाच्या पाण्याबद्दल कुणी विचारू नका, हातातला चहा गार होईल. एकोणीसशे साठच्या सुमारास बनशंकरीजवळ घर बांधलं, तेव्हा गच्चीचे पाईप किती जाड हवेत याचं गणित ह्यांनी स्वतः केलं. तरी एका जोराच्या पावसात स्वयंपाकघराचं छत ठिबकायला लागलं. हे अगदी रडवेले! गणित पुन्हा मांडलं, तर बरोबर. शेवटी छत्री घेऊन वर गेले. गच्चीत घोट्यापर्यंत पाणी, आणि पाईपच्या तोंडात जुन्या लुगड्याचा बोळा.

खाली येऊन, आमच्याकडेच राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीला म्हणाले, "अक्का, हे काय गं?"

"विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही रे. तू एवढं चांगलं पाणी गटारात सोडतोस, मला बघवेना. स्वल्प अडवलं, झालं."

ह्यांनी बोळा काढला नाही. छत दुरुस्त केलं आणि गच्चीच्या कठड्यात, बोळ्याच्या चार बोटं वर, जास्तीचं पाणी वाहून जायला आणखी एक पाईप बसवला.

पुढे ह्यांचे साहेब घरी चहाला आले. वर बघून म्हणाले, "हा पाईप एवढ्या उंचीवर? कुठल्या हिशेबाने?"

हे म्हणाले, "अक्काची डाळ शिजेल एवढ्या, सर."