म्हशीचा चीक आन् दिल्लीचं इमान

इमानाचं कौतुक मला सांगू नगा, गड्यांनो.

माझी लेक सुमन दिल्लीला असती. जावई मिल्ट्रीत हाय. ती पोटुशी, आन् तिला ऊन ऊन खरवसाचं डोहाळं लागलं. नेमकी तवाच आमची म्हस व्याली. थोरला म्हणला, "आबा, रेल्वेत चीक नासंल. इमानानं जावा."

चिकाची किटली घिऊन पुण्याला गेलो. तिथं तपासणीवाल्यानं हटकलं.

"बाबा, इसमें क्या है?"

"चीक."

"चीख? किसकी?"

"म्हशीची."

त्यो शेजारच्याला म्हणला, "ये भैंस की चीख लाए हैं!"

मग झाकण काढून वास घेतला. "पतली चीज नहीं जाएगी. पी लो, नहीं तो फेंक दो."

म्हटलं, "लेकीचं डोहाळं फेकू व्हय रं?" तसाच माघारी फिरलो. इमान गेलं माझ्याबिगर.

घरी म्हातारीनं गूळ घालून चीक उकडला. खरवसाचा डबा घिऊन कराडला रेल्वेत बसलो. पट्टा न्हाई, तपासणी न्हाई, ऐसपैस मांडी घातली. लय बेस!

दुपारी भाकरी खायला बसलो आन् डबा उघडला. समोरची मानसं टकामका बघाय लागली. आता चार तोंडं बघत असताना आपुन एकट्यानं खायचं व्हय? एकेक वडी दिली. वास पुढं गेला, तशी मानसं मागं आली.

दिल्लीत सुमननं डबा हलवून बघितला. "आबा, खरवस?"

म्हटलं, "वास घे, बाई. तेवढाच सुखरूप आलाय."