उभ्या ट्रकच्या हॉर्नची वायर

...नाही, मला एवढंच सांगा, वायर ती वायर, तिच्यात निवडायचं काय? डिचोलीच्या बाजारात यशवंतच्या दुकानात आमची सून उभी, शेजारी मी प्लास्टर काढलेला हात पोटाशी धरून उभा, आणि ही बया एकेक वायर घेते, बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते... अहो, नवरीच्या हातात बांगड्या भरताना कासार एवढं बघत नाही! यशवंत घामाघूम. "भिकाजीबाब, घराच्या फिटिंगाक सगळे हीच वायर व्हरतात." ही म्हणते, "कडक आसा. मोडतली. माका मऊ जाय." मऊ पाहिजे म्हणे! पोदेराकडे पाव घ्यायला आलीस की काय गो?

तुम्हाला सांगतो, जन्मभर खनिजाचा ट्रक चालवला मी. वायर तुटली की दातांनी सोलायची, पिळायची, वर काळी टेप मारायची, की चालला ट्रक! आणि एवढ्या वर्षांत चालत्या ट्रकाला साधा ओरखडा नाही. पडलो कधी? तर खाणी बंद झाल्यावर, दारात उभ्या असलेल्या ट्रकावरून! दर शनिवारी धुतो ना मी त्याला. शेजारी हसतात, हसू देत, उद्या खाणी सुरू झाल्या तर मळका ट्रक घेऊन जाऊ? तर टपावर चढलो, पाय घसरला, खाली. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं लाकडासारखी. डॉक्टर म्हणाला, "चेंडू दाबत राहा, नाहीतर मूठ कायमची गेली म्हणून समजा, स्टेअरिंग विसरा." स्टेअरिंग विसरा! मला!

आणि चेंडू दाबायचा म्हणजे काय हो? दारापुढच्या बल्कावात बसून रबरी चेंडू दाबतोय, रस्त्यावरून जाणारा प्रत्येकजण विचारतो, "काय भिकाजी, खेळता?" दिला भिरकावून. कुत्रा घेऊन गेला. आमची रुक्मिणी तर रडायलाच लागली. मुलगा प्रवीण बोटीवर, तिकडून फोनवर ओरडतो. आणि संजना, ही सून, धारगळची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, ती शांतपणे म्हणते, "बाबा, हांव तुमका हातात धरून खेळपाचो गेम करून दितां." म्हटलं, मोबाईलात आहेत ना ढीगभर? तर म्हणे काचेवर बोट नुसतं घसरतं, दाबायला काही लागत नाही. बरोबर आहे हो, पण मी तोंडावर बरोबर म्हटलं नाही.

मग सुरू झाली हत्यारांची निवड. मी मोठ्या मनाने माझी पक्कड काढून दिली. ही पक्कड म्हणजे हातोडा, पाना, कात्री, सगळं एकात! तिने नमस्कार केल्यासारखी हातात घेतली आणि अलगद बाजूला ठेवली. तिला हवा कसला, तर सुईच्या टोकाचा चिमटा. सोल्डरिंगची गन, तीही पेन्सिलीएवढी, आणि तिचं टोक असं बारीक की मी चष्म्यातून शोधतोय. पण एकदा लावली ना तिने... तो कथिलाचा थेंब! अळवाच्या पानावर पाणी थरथरतं ना, तसा थरथरला, चमकला आणि जागच्या जागी गप्प बसला. मी वाकून बघत राहिलो. ट्रकाच्या इंजिनापुढे एवढा वेळ मी कधी गप्प उभा राहिलो नसेन.

झाला गेम तयार, साबणवडीएवढा! आणि माझा हा लाकडी अंगठा... बटण सापडेना. चिडून दाबलं, तर आतली, यशवंतकडून नाइलाजाने घेतलेली कडक वायर कट्! तिने दुसरी लावली. तीही कट्! मी म्हटलं, राहू दे बाय, मूठ गेली ती गेली. आणि खरं सांगू? तेव्हा माझं मन पार खचलं होतं.

संजना जनेलातून बाहेर बघत राहिली. ट्रकाकडे. मला कळलं, हिची नजर त्याच्या सुट्या भागांवर! म्हटलं, अजिबात नाही! भंगारवाल्याला मी फाटकात पाय ठेवू दिला नाही, आणि तू घरची माणूस असून...? ती म्हणते, "हॉर्नाचें बटण व्हड आसा, बाबा. तुमचो हात ताका वळखता." मोठं तर आहेच ते, तळहाताएवढं!

चढलो केबिनमध्ये. स्टेअरिंगवरून बटण मीच काढलं, माझ्या पकडीने, या मोडक्या हाताने, तिने नुसता खालून आधार दिला. मागोमाग वायर आली, लाल धुळीने माखलेली. संजनाने ती बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली... आणि हसली! "ही पळयात, मऊ." टोक सोललं तिने. देवा रे! बाहेरून ट्रक गंजून चाळण झालेला आणि आत केसासारख्या तारांची जुडी, कालच ओवल्यासारखी झगझगीत! एवढ्या तारा, म्हणून वाकते, म्हणून खाणीच्या खड्ड्यांत हादरून हादरूनही तुटली नाही. मी इतकी वर्षं हिच्या जिवावर हॉर्न वाजवत फिरलो आणि आत कधी बघितलं नाही हो! आता माझ्यासमोर कोणी म्हणूनच दाखवा, वायर ती वायर!

आणि गेम? तिने त्याच वायरने बटण गेमाला जोडलं, मी दाबलं, तर पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचा ट्रक! माझाच! मागे माल, रस्त्यात खड्डे, मध्येच म्हैस आडवी... जेवताना मी बडबडत होतो ते सगळं या पोरीने आत भरलेलं! डोळे भरले माझे. दाबत दाबत पोचलो धक्क्यावर, जिथे नदीतल्या बार्जीत माल रिकामा करायचा, आणि बघतो तर काय, पुढे ट्रकांची ही लांब लाईन! म्हटलं, अगो, ही कधी हलणार? म्हणते, "तुमीच सांगिल्लें न्हय, धक्क्यार लायन आसताच म्हण? हॉर्न वाजयत रावलें काय एकेक ट्रक मुखार वता."

म्हणजे ट्रक पुढे सरकवायला दाबत राहा, चेंडूच दाबायला लावला की नाही मला? बोटं वळायला लागलीत, डॉक्टर खूश, सगळे खूश. तिकडे रुक्मिणी हाका मारतेय, "अवो, पेज थंड जाता!" येतो गो, येतो... पण कसा उठू, तुम्हीच सांगा? उठलो तर लाईनीतला नंबर जाईल ना!