चौथ्या पोरीचा मामा

(सन १९२९, फाल्गुन. सरकारी वेड्यांच्या इस्पितळामागची भाजीची बाग. निपाणीकडचे तंबाखूवाले शेतकरी जोतिबा आप्पा फेट्यासकट घामाघूम झालेले. वाफ्यात खुरपं घेऊन उकिडवा बसलेला माणूस इथला साहेब आहे, असं त्यांना वाटतं. त्या माणसाला हे अजून कुणी कळवलेलं नाही.)

जोतिबा: न्हाय न्हाय, उठू नगा साहेब. मातीत हात घालणारा अंमलदार आमच्या भागात बगायला मिळत न्हाय. तुमीच गुंडू मामा न्हवं? जयाबाईचं भाऊ?

गुंडू: व्हय, जया माझीच भन. बरी हाय न्हवं? ह्या दिवाळीला आली न्हाय ती.

जोतिबा: येळ कुठला तिला! लगीन काढलंय की. तुमच्या धाकट्या भाचीचं, अंबूचं. माझ्या शामूसंगं. येत्या बेस्तरवारी, कडोलीत. मी जोतिबा, नवऱ्या मुलाचा बाप. घ्या, हात पुढं करा. अक्षत.

गुंडू: माती हाय हाताला.

जोतिबा: असू दे. मातीचं आमाला काय नवाल.

गुंडू: अंबूचं जमलं म्हंता? झ्याक झालं. एवढीशी बगितलीती मी तिला.

जोतिबा: जमलं, पर म्या एक अट घातलीया. निपाणीस्नं मोटारीनं बेळगाव, तितनं आगगाडी, टेसनावरनं पायी, हे सगळं त्या अटीपायी. थोरलीच्या लग्नात मी जेवाय हुतो. पोरीला मांडवात आणणारा मामा गोरा. मदलीच्या लग्नात बगतोय तर मामा काळा. तिसरीच्या टायमाला मामा तिरळा. म्हटलं, भानगड काय हाय? जयाबाईचा मालक म्हणतो, खरा मामा सरकारी नोकरीत हाय, रजा मिळत न्हाय, म्हणून उसना आणावा लागतो. म्हटलं, अंबूला मांडवात खरा मामाच आणाय पायजे.

गुंडू: रजा मिळत न्हाय, हे मातुर खरं हाय.

जोतिबा: अकरा वर्सांत एक बी दिस न्हाय?

गुंडू: एक बी न्हाय.

जोतिबा: नोकरी म्हंजे अशी! आन रहायला?

गुंडू: सरकारीच. जेवाण बी सरकारी. कापडं वर्साला दोन.

जोतिबा: हाताखाली चाळीस माणसं म्हणं?

गुंडू: चाळीस? असं जया म्हणाली?

जोतिबा: तिचा मालक. थोरलीच्या लग्नात त्यानं ईसच सांगितलीती. तुमची बढती व्हत गेली न्हवं मदनं.

गुंडू: …आसं हाय व्हय. व्हय व्हय. चाळीस असत्याल. एकाच खोलीत झोपतो आमी सगळी.

जोतिबा: वेड्यांच्यात? आन भ्या न्हाय वाटत?

गुंडू: त्यास्नी माझं वाटत न्हाय.

जोतिबा: माणूस बाकी साधा हाय तुमी! मग एक मनातलं बोलू का मामा? माझा दुसरा पोरगा, भरमा. तंबाखूच्या शेतात त्याचं मन लागत न्हाय, दिसभर सावलीला बसतोय. त्याला हितं चिकटवता आलं तर बगा.

गुंडू: हितं? नगं वं. चांगल्या पोराला हितं कशाला?

केशवराव: गुंडू! अरे, महिन्याचं वजन राहिलंय तुझं. सगळ्या पेशंटांचं आटोपलं, एकटा तूच बागेत. आणि हे कोण? तुला भेटायला? अकरा वर्षांत हे पहिलेच पुरुष नातेवाईक. थांबा, भेटीच्या वहीत नाव घालतो. मी केशवराव, इथला हेडक्लार्क.

जोतिबा: पेशंट? साहेब, ह्यो मामा पेशंट?

केशवराव: साहेब पुढच्या इमारतीत बसतात. ते मातीत हात घालत नाहीत.

जोतिबा: म्हंजे ह्यो… येडा हाय?

केशवराव: होता. पहिली चार वर्षं. गेली सात वर्षं तो सरकारी कागदावर शहाणा आहे. असा कागद तुमच्याकडे नसेल. माझ्याकडेही नाही.

जोतिबा: शाणा हाय तर ठेवलाय कशाला?

केशवराव: न्यायला कोणी येत नाही. नातेवाइकाने सही करून न्यायचं, असा नियम आहे. मेव्हण्यांना सात पत्रं लिहिली. सातही उत्तरं मात्र नेमाने आली. थोरलीचं होऊ द्या. मधलीचं होऊ द्या. घरात वेडा आहे कळलं तर पोरी खपायच्या नाहीत. शेवटच्या पत्रात अंबूचं होऊ द्या, असं आहे. अंबूचं झालं की नातींचं सुरू होईल असा आमच्या कचेरीचा अंदाज आहे.

जोतिबा: फसवलं. निवळ फसवलं मला! चाळीस माणसं हाताखाली! आत्ता कडोलीला जातो, आन मोडतो सोयरीक.

गुंडू: आप्पा, आप्पा, थांबा. पाया पडतो. पोरीचं मोडू नगासा.

जोतिबा: मोडू नगं तर काय करू? पंचक्रोशीत सांगत सुटलोय, सुनेचा मामा वेड्यांवर साहेब हाय म्हणून!

गुंडू: मग सांगा, मामा मेला. गेल्या आठवड्यात मेला म्हणा. हितं कुणी बगाय येत न्हाय. पोरीनं काय केलंया? जयानं तरी काय केलंया? दर दिवाळीला चोरून येती, बाजाराला जाते सांगून. चिवडा आणती आन फाटकात रडती. घर मालकाचं, तिचं काय चालतंय? ही घ्या तुमची अक्षत. मी हुतो, हेच इसरा.

जोतिबा: हात मागं घ्या.

गुंडू: घ्या वं.

जोतिबा: मागं घ्या म्हंतो. दिल्याली अक्षत जोतिबा माघारी घेत न्हाय. माझ्या बानं घेतली न्हाय, म्या घेणार न्हाय. घरात शुभकार्य हाय माझ्या. असला अपशकुन मधी घालू नगासा.

केशवराव: मुठीत धर गुंडू, अक्षता सांडतील.

जोतिबा: क्लारकसाब, ह्याला झालंतं काय?

केशवराव: तोच सांगेल. माझ्यापेक्षा नीट सांगतो.

गुंडू: अठरा सालच्या तापाच्या साथीत बायको आन पोरगा गेली. एका दिसाआड एक. मला ते पटंना. रोज सांजच्याला मी तीन पानं वाढायचो. आन दोन पानांवरचं तसंच ऱ्हायलं की गल्लीत जाऊन हाक मारायचो. लोकांस्नी झोप मिळंना. पाटलानं गाडीत घातला आन हितं आणला.

जोतिबा: आन मग?

गुंडू: मग हितं जेवाण सरकार वाढतंय. हाक मारायचं कामच ऱ्हायलं न्हाय. हळूहळू पटलं.

जोतिबा: …आमच्यात बी दोघं गेली त्या साथीत. माझी आय आन थोरली पोरगी. आमच्या हिनं वर्सभर तिचं परकर धुऊन वाळत घातलं. कुणी काय म्हणालं न्हाय, गल्लीत जाऊन वरडली न्हाय म्हणून.

केशवराव: वरडल्या असत्या तर पलीकडच्या बाजूला बायकांचा वॉर्ड आहे.

जोतिबा: ह्यो माणूस परत बिघडंल का?

केशवराव: सांगता येत नाही. पण सात वर्षं मी रोज बघतोय. माझी बदली थांबल्यामुळे मी जितका चिडतो तितका तो एकदाही चिडलेला नाही.

जोतिबा: मग काडा कागद. कुठं सही करायची?

गुंडू: आप्पा, काय करताय?

जोतिबा: गप ऱ्हावा मामा. मांडवात पोरीला खरा मामा आणणार, हे बोललोय मी. साहेब आणतो म्हणून पोरगी ठरवली न्हाय मी. म्हणजे थोडीशी तशीच ठरवली, पर आता बोलायला येत न्हाय.

केशवराव: नाव, जोतिबा… वय?… बरं. पेशंटशी नातं?

जोतिबा: सोयरा.

केशवराव: लग्न गुरुवारी. आज सोमवार. आज तुम्ही कोणी नाही.

जोतिबा: साखरपुडा झालाय! चाळीस जणं जेवली माझ्या दारात! तुमच्या सरकारनं साखर खाल्ली न्हाय म्हणून नातं झालं न्हाय व्हय?

केशवराव: साखरपुड्याचा रकाना नाही. पण नातेवाईक अथवा स्नेही असं छापलेलं आहे. स्नेही लिहू? त्याला मुहूर्त लागत नाही.

जोतिबा: लिवा. स्नेही म्हंजे काय?

केशवराव: तुम्ही आत्ता करताय ते.

गुंडू: केशवराव, लगीन झाल्यावर? मी परत येणार न्हवं?

केशवराव: तो पुढचा रकाना आहे. लग्नापुरता न्यायचा असेल तर परत आणण्याची तारीख घालायची. कायमचा न्यायचा असेल तर राहण्याचा पत्ता. दोन्ही मोकळं ठेवता येत नाही.

जोतिबा: जयाबाईच्या मालकाचा घाला.

गुंडू: नगं आप्पा. त्यो दारात घ्यायचा न्हाय, आन जयाला तरास. तारीख घाला. लगीन बगून येतो की मी. चार दिस मिळालं, लई झालं.

केशवराव: आप्पा, घाई नाही. शाई सुकेपर्यंत विचार करा.

जोतिबा: मामा, तंबाखूतलं काय येतंय का तुमाला?

गुंडू: रोपं लावलीती बाच्या रानात. शेंडं खुडायला येत्यात. पान कवा काडायचं, ते हाताला कळायचं. आता हात इसरला असंल तर म्हाईत न्हाय.

जोतिबा: माझ्या भरम्याला ते शिकवा. तुमचं ऐकंल त्यो, माझं ऐकत न्हाय. साहेब, पत्ता माझा घाला.

केशवराव: घरात विचारलंत?

जोतिबा: न्हाय. मीच शिव्या खाईन आदी. मग ती मामाला जेवाय वाढंल. लोकांस्नी काय सांगायचं ते बी तीच ठरवंल. मी सांगितलं की असा घोळ व्हतोय.

केशवराव: इथे सही. अंगठा नको, सही येते तुम्हाला. झालं. गुंडू, आता तू आमचा कोणी नाहीस. वजन राहू दे, ते पेशंटांचं असतं.

गुंडू: केशवराव, तुमी येतासा न्हवं लग्नाला?

केशवराव: मला रजा मिळत नाही.

जोतिबा: चला मामा, चारची गाडी हाय. घर काय लई मोठं न्हाय आमचं. आतली खोली शामूला द्यावी लागणार. तुमी भाईरच्या सोप्यात झोपा, दाराजवळ. वारं येतंय.

गुंडू: झोपतो की. ते दार रातीला लावतासा न्हवं?

जोतिबा: लावतोय की. आतनं कडी घालायची, झालं.

गुंडू: आतनं?

जोतिबा: मग काय भाईरनं?

गुंडू: न्हाय, आतनंच बरी. मला दाखवा मातुर एकदा. अकरा वर्सं घातली न्हाय मी.