नाक मुरडलं होतं सगळ्यांनी

—'गावाची संमती आहे' असं सरकारला कसं कळवलंत तुम्ही, साहेब? बसा, धुकं फिटल्याशिवाय विमान काही उतरत नाही, कॉफी घ्या, दुकानातलीच आहे. संमती म्हणे! अख्ख्या सभेनं नाक मुरडलं होतं— अगंबाई! दार होय? वाऱ्यानं आपटलं, मी आपली उगाच दचकते. हां, तर नाक. आमच्याकडे, या ध्रुवाकडच्या गावांत, भुवया वर गेल्या की 'हो', नाक मुरडलं की 'नाही'. तोंड वाजवायचं कशाला? तुम्ही विचारलंत, लष्करी तळाच्या विजेसाठी छोटी अणुभट्टी आणतोय, तळ्याकाठी बसवू ना? तर म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांची नाकं अशी— बघा, अशी! आणि तुम्ही म्हणालात, "थँक यू." वर माझ्या आजीनं मुक्तुक पुढे केलं, देवमाशाची कातडी हो, चरबीसकट, तर तुम्हीच नाक मुरडलंत! आजी काय खूश! म्हणते, "गोऱ्याला आपल्या भाषेत नको म्हणता येतं की गं!" तिला काय ठाऊक, तुम्हाला नुसती शिसारी आली होती.

शिसारी मलाही येते. पलीकडच्या काठाला डिझेलची गंजकी पिंपं पडलीत ना, तुमच्याच लोकांची, माझी आई लहान होती तेव्हापासून. परत नेतो म्हणाले होते. उन्हाळ्यात पाण्यावर रंगीत तवंग येतो, शी! आणि हिवाळ्यात त्याच तळ्याचा बर्फ फोडून आणायचा, वितळवायचा, चहा करायचा, प्यायचा. आता म्हणे भट्टी सीलबंद, डिझेलची कटकट नाही, काम संपलं की उचलून नेऊ. उचलून! ऐकूनच मळमळतं मला, सकाळी तर— नाही नाही, आजारी नाही. म्हणजे— असू दे. टूलिकला, माझ्या नवऱ्याला, अजून सांगितलेलं नाही, तुम्ही कुठे बोलू नका हं. पण तुम्हीच सांगा, हे पाणी पिऊन पोटातलं वाढवायचं?

काय? अहवालात दुरुस्ती करता? खरंच? 'गाव नाही म्हणतंय' असं कळवाल? देव भलं करो तुमचं, साहेब, मला वाटलं तुम्ही पण तसलेच— हो हो, विचारा ना.

तोंडानं बोलायचं? या रेकॉर्डिंगच्या यंत्रात? बोलते की, कॉलेजात शिकलेय मी— नाव? माझं? सभेत सगळेच म्हणाले असं टाका ना, नाव कशाला? आजी सांगेल तिचं... तिला तुमची भाषा येत नाही, ते खरंच. नवऱ्याचंही लागतं? अहो, त्याला सोमवारपासून काम लागलंय तळावर. पाया खणायचं. हो, त्याच भट्टीचा. मग? गावात दुसरं काम कुठलंय? तुम्ही आणून देणार?

असे बघू नका माझ्याकडे. तो लाल दिवा बंद करा आधी. बंद करा म्हटलं ना! मी काही बोललेच नाही. उठा. हो, थंडी आहे, माहितेय. बाहेर उभे राहा. दुकान बंद झालंय.