शाळेत भरलेली ग्रामसभा

डिचोलीच्या स्टँडवर पणजीच्या बससाठी रांगेत उभा होतो. पुढे दोन बायका बोलत होत्या.

"पूर ओसरला का गो, पद्मावतीवैनी?"

"ओसरला गो जानकी. घरात अजून चिखल आहे. पण पाण्याची झर वाचली."

"झरीला काय झालं होतं?"

"पाण्याच्या बाटल्यांच्या कंपनीला तीस वर्षं द्यायची म्हणत होते पंचायतवाले. नळाला गढूळ पाणी येतंय, कंपनी चांगलं पाणी देणार म्हणे."

"झर तर वर डोंगरात. पूर तिथं चढतो कसा?"

"तेच तर. गेल्या वर्षी विचारलं तेव्हा लोकांनी नको म्हटलेलं. आता घरात कमरेएवढं पाणी आलं, तशी पंचायतवाल्यांनी ग्रामसभेची नोटीस लावली. तातडीचा विषय म्हणून."

"पुरात ग्रामसभेला कोण मरायला जाणार?"

"त्यांनाही तसंच वाटलं. एरवीसुद्धा दहा-बाराच माणसं येतात. पण पंचायतीत पाणी, म्हणून सभा शाळेत ठेवली."

"शाळेत? तुम्ही सगळे शाळेतच राहायला होता ना?"

"सगळा गाव. सरपंच आले तेव्हा आम्ही चहात उंडे पाव बुडवून खात होतो. चटया गुंडाळल्या आणि तिथंच समोर बसलो. नको असेल त्यांनी हात वर करा म्हणाले. आमच्या सासूबाईंनी दोन्ही केले."

"पुरात कंपनीनं फुकट बाटल्या वाटल्या म्हणे, त्यांचं काय?"

"प्यालो की. ही बाटली त्यांचीच. सकाळी झरीवर भरून आणली. घे, पी."