निकालाआधीचं अभिनंदन

नाही, पण मला एक सांगा, माणसाचं अभिनंदन निकालाआधी करायचं असतं का निकालानंतर? नंतर ना? तुम्हाला कळतं, मला कळतं, आमच्या कोपऱ्यावर बाटचॉयचं गरमागरम सूप विकते ना, त्या बाईलासुद्धा कळतं. कळत नाही ते फक्त आमच्या विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाला! आणि त्या विभागात बसतो कोण? मीच! डेल्फिन गुंबान. काम काय, तर मोजणे. विद्यापीठाच्या पानावर किती लोक आले, किती वेळ थांबले, कुठून आले, कुठे पळाले, कुणी अंगठा दाबला, कुणी हृदय दाबलं... सगळं मोजायचं आणि रंगीत तक्ता काढून मॅडमच्या पुढ्यात ठेवायचा. आधी मी ग्रंथालयात पुस्तकं मोजायचो. पुस्तकं बरी होती हो. निदान जागच्या जागी असायची.

मॅडम म्हणजे आमच्या चेरी मॅडम. विभागप्रमुख. वयानं माझ्या धाकट्या मेहुणीएवढ्या. मला 'नोंग' म्हणतात, आमच्या इलोइलो शहरात थोरल्या भावाला म्हणतात तसं, आणि कामं सांगतात शेंडेफळाला सांगावीत तशी! सकाळी दारातून आत पाऊल टाकलं, की ना नमस्कार, ना 'जेवलात का', डायरेक्ट, "नोंग, आकडे?" आणि मी म्हणायचं, "आकडे झकास, मॅडम!" झकास नसले तरी तसंच म्हणायचं. कारण रस्त्यापलीकडे दुसरं विद्यापीठ आहे, त्यांच्याकडे सरकता जिना आहे, आणि आमच्याकडे दरवर्षी एकेक वर्ग ओस पडत चाललाय. बाई तरी काय करणार बिचारी!

तर झालं काय, मनिलाहून एक तज्ज्ञ आणला. एवढासा पोरगा, एवढा मोठा चष्मा. तो म्हणाला, "पहिली दहा मिनिटं! बोर्डाचा निकाल लागला की पहिल्या दहा मिनिटांत जो अभिनंदन टाकतो, त्याच्याकडे गर्दी. अकराव्या मिनिटाला टाकलंत तर तो शिळा भात!" चेरी मॅडमचे डोळे चमकले. मला मात्र हे काही पटेना. कारण आमच्याकडे बोर्डाची परीक्षा म्हणजे थट्टा नाही हो. नर्सिंगची चार वर्षं एकीकडे आणि ती एक सरकारी परीक्षा एकीकडे. पास झालेल्यांचीच नावं यादीत येतात. नाव असलं तर घरादाराचं सोनं. नसलं तर... नसलं तर काही लिहून येत नाही. फक्त नसतं.

आता हजारो नावांच्या यादीतून आपली पोरं शोधायची, फोटो लावायचा, कार्ड करायचं, हे दहा मिनिटांत कसं व्हायचं? मॅडम म्हणाल्या, "सोप्पं आहे! कार्डं आधीच करून ठेवू. यादी आली रे आली, की आपोआप सुटतील." बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! मी म्हटलं, "मॅडम, निकालाआधीच अभिनंदन?" तर म्हणाल्या, "नोंग, जी हमखास पास होणार त्यांचीच करू ना! कोणत्या चेहऱ्यावर जास्त हृदयं पडतात, तेवढं काढून द्या." दिलं काढून. आणि तक्त्यात सगळ्यात उंच दांडी कुणाची? आमच्या रोसेलची. माझी लेक, आमच्याच नर्सिंगची, यंदा बोर्डाला बसलेली! आरोग्य शिबिरात एका म्हातारीचा रक्तदाब मोजतानाचा तिचा फोटो होता, साधाच, पण लोकांनी त्या फोटोवर जीव ओवाळून टाकला होता. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कुठल्या बापाला वाटणार नाही?

मग कार्ड झालं. अर्ध्यात ती, पांढऱ्या टोपीत, आणि अर्ध्यात मी, लग्नातला बारोंग सदरा घालून, डोळे मिटलेला! तो फोटोवाला म्हणाला, "हसा नोंग," मी हसलो, आणि हसलो की माझे डोळे मिटतात, याला मी काय करू? आणि खाली ठळक अक्षरांत... 'बाप आमच्याच कार्यालयात कारकून, लेक आज नर्स! अभिनंदन, रोसेल!' मी पुन्हा म्हटलं, "मॅडम, निकाल तरी लागू द्या हो." तर मान तिरकी करून म्हणतात, "नोंग, तुमचा स्वतःच्या लेकीवर विश्वास नाही?"

आता यावर बापानं काय बोलायचं, सांगा तुम्ही!

निकाल लागला दुपारच्या खाण्याच्या वेळी. आम्ही पान्सितच्या शेवया ताटलीत घेतोय, तेवढ्यात ओरडा, "सुटली! कार्डं सुटली!" झाली की पळापळ. मी पडद्यापुढे, मॅडम माझ्या खुर्चीमागे, आणि आकडा... आकडा कसला, उकळतं दूध! हजार, पाच हजार, वीस हजार! आणि सगळ्यांत पुढे कोण? मी आणि माझी लेक, आणि माझे मिटलेले डोळे! सगळा विभाग टाळ्या वाजवतोय, लेखा विभागातली माणसं येऊन मिठ्या मारतायत, पाठ थोपटून थोपटून माझी ताटली सांडली. "नोंग, नर्सचा बाप!" मॅडम नाचतायत, "आकडे झकास! आकडे झकास!" आणि तेवढ्यात माझा फोन वाजला.

घरी काय झालं होतं ते नंतर कळलं. माझी बायको एर्मिनिया, तिनं ते कार्ड आधी बघितलं. तिची किंकाळी म्हणे पार चर्चपर्यंत ऐकू गेली. तिनं रियाधच्या बहिणीला फोन लावला, शेजारणीला हाक मारली, मेणबत्ती पेटवली, कोंबडी कापायला काढली, सगळं एका दमात. आणि पोर स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात फोन, म्हणतेय, "ममा... ममा, थांब ना... ममा, ऐक ना..." कोण ऐकतंय! शेवटी तिनं मला फोन लावला. इकडे टाळ्या चालल्यात, मी एका कानात बोट घातलं, म्हटलं, "बोल इंदाय!" लाडानं इंदायच म्हणतो मी तिला.

ती म्हणाली, "पपा, यादीत माझं नाव नाही."

मी म्हटलं, "नीट बघ."

म्हणाली, "तीनदा बघितलं पपा. आपलं आडनाव येतं तिथे एकच गुंबान आहे, तो सेबूचा कुणीतरी मुलगा आहे. पपा, तो फोटो काढायला सांग ना. ममा कोंबडी कापतेय."

मी फोन कानाला धरूनच यादी उघडली आणि एकेक कार्ड ताडून बघितलं. बाकी सगळ्या पोरांची कार्डं खरी निघाली. एकूण एक! चुकलं ते एकच.

मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, काढा ते. पोर पास नाही झाली." मॅडमचा चेहरा पडला, खरंच पडला, माणूस वाईट नाही ती. माझा हात धरला, म्हणाल्या, "अरेरे, नोंग..." आणि दुसरा हात पडद्याकडे. "पण नोंग, हे बघा तरी! एक लाख! आपल्या विद्यापीठाच्या जन्मात एवढं झालं नव्हतं हो! ऐन प्रवेशाचे दिवस. आता काढलं तर सगळं धाडकन पडेल. आपण असं करू, एक दुरुस्ती टाकू. चालेल ना?" आणि काढायची किल्ली त्यांच्याकडे! मी नुसता मोजणारा!

टाकली दुरुस्ती. 'तांत्रिक कारणामुळे एका कार्डात त्रुटी राहिली, क्षमस्व.' नाव नाही, फोटो नाही. वरातीमागून घोडं, तेही लंगडं! अहो, कार्ड पोहोचलं चार लाख लोकांकडे, आणि दुरुस्ती? पुरे पन्नास नाहीत! त्यातले निम्मे आमच्या कार्यालयातले, आणि उरलेल्यांत मीच, पुन्हा पुन्हा उघडून बघणारा. मॅडम म्हणाल्या, "बघा, कुणाच्या लक्षातही आलं नाही!" वर मलाच धीर देतायत!

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स! आमच्या वस्तीचे कप्तान, निवडून आलेले, पुन्हा निवडून यायची घाई झालेले, त्यांनी लावला. त्यात रोसेल एवढीशी, तिकिटाएवढी, आणि कप्तान हे एवढे! 'आमच्या वस्तीची शान!' शान कोण, तेच कळेना. पोर त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून जायची. मग मागच्या बोळातून जायला लागली. मग घराबाहेरच पडेना.

पण घरात तरी सुख आहे? आमच्याकडे गल्लीत नर्स झाली म्हणजे सरकारी दवाखानाच उघडला! सकाळी सहाला लोला पासिंग हजर. शेजारची आजीबाई. बाही वर करून, दंड पुढे करून, "इंदाय, बघ गं माझा रक्तदाब." मग तिच्यामागे तिची जाऊ, मग ट्रायसिकलवाला, मग त्याची सासू. पोर काय करणार? आत जायची, कॉलेजातलं ते यंत्र आणायची, पट्टा गुंडाळायची, कानात नळ्या घालायची आणि मोजायची. 'नर्स, नर्स' म्हणत लोक केळी ठेवून जायचे, अंडी ठेवून जायचे. ती अंडी ती खायची नाही. म्हणायची, "पपा, ही माझी नाहीत." आणि मी कार्यालयात जाऊन काय म्हणायचं? आकडे झकास, मॅडम!

परीक्षेत मागे कशी राहिली, हे तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. एवढी मोजदाद करणारा मी, पोटच्या पोरीला एक प्रश्न विचारता आला नाही मला.

शेवटी एके दिवशी मला सहन होईना. म्हटलं, दुरुस्ती चार लाखांपर्यंत पोहोचत नाही ना? नसेल! निदान गल्लीत तरी मी स्वतःच्या पायांनी पोहोचवतो. पहिलं दार लोला पासिंगचं. ती वाळवणाच्या माशांवरच्या माशा हाकत बसली होती. मी टोपी काढली आणि म्हटलं, "लोला, एक सांगायचंय. आमची पोर पास झालेली नाही. ते कार्ड चुकीचं होतं."

तिनं वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "ठाऊक आहे रे."

"ठाऊक आहे?"

"यादी त्याच दिवशी नातीकडून वाचून घेतली. सगळ्या गल्लीनं वाचली. बोर्डाची यादी कोण वाचत नाही? तुझ्या त्या मॅडमशिवाय?"

"मग... मग तुम्ही रोज सकाळी दंड पुढे करून..."

"मग काय करू? पोरीनं ते यंत्र एकदा पेटीत टाकलं की ती परत काढायची नाही. म्हणून येते. माझ्या रक्तदाबाला काय धाड भरलीय! अन् ऐक, तिला सांगू नकोस."

"आणि लोला, त्या कार्डावर तुमचं हृदय दिसलं मला..."

"हो, दाबलं की! वाईट वाटलं म्हणून दाबलं. मग दुसरं काय दाबायचं असतं?"

मी तिथेच तिच्या पायरीवर बसलो आणि रडलो हो. बाई माशा हाकत राहिली. पंधरा वर्षं मी हे मोजतोय, पण आमच्या तक्त्यात हृदय म्हणजे हृदय! त्यातलं कोणतं आनंदाचं, कोणतं कीव आली म्हणून, कोणतं मायेचं, याला रकाना नाही. सगळ्यांची बेरीज एकच. आणि बेरीज झकास!

आता परवा महिन्याची बैठक झाली. वरचे साहेब आले होते, विद्यापीठाचे मालकच म्हणा. त्यांनी चार लाखांचा आकडा ऐकला, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "ते ठीक. पण यातून प्रवेश किती झाले?" चेरी मॅडम माझ्याकडे बघतायत. कारण त्या कार्डाखाली एक बटण होतं. लिहिलं होतं, 'तुम्हालाही हिच्यासारखं व्हायचंय? इथे दाबा.' ते दाबलं की आपलं नाव-गाव टाकून प्रवेश घ्यायचा. मग त्या बटणावरून आत येऊन शेवटपर्यंत कोण गेलं, हे मला काढता येतं. काढलं मी. तिथेच, सगळ्यांसमोर.

एक.

चार लाख लोकांनी बघितलं. दाबून आत शिरले बरेच, अर्ध्यातून परत फिरले. शेवटपर्यंत गेला एकच जण. पुढच्या बोर्डासाठीचा सराव वर्ग असतो ना आमचा, नापास झालेल्यांचा, त्याला प्रवेश. आणि मी खाली नाव वाचलं. गुंबान, रोसेल.

तिनं आम्हाला सांगितलंच नव्हतं. कधी एकटी बसली असेल, स्वतःचाच तो टोपीतला फोटो बघत, आणि खाली लिहिलेलं वाचलं असेल, हिच्यासारखं व्हायचंय का? आणि दाबलं असेल.

मी नाव काही वाचून दाखवलं नाही. नुसतं म्हटलं, "एक मुलगी आहे, साहेब." साहेबांनी तोंड वाकडं केलं. पण आमच्या चेरी मॅडम! त्या हार मानणाऱ्यांतल्या आहेत का? टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "एक तर एक! कार्डामुळे आलेली पहिली विद्यार्थिनी! आपण तिच्यावरच नवं कार्ड करू. नोंग, ताबडतोब तिचा फोटो मिळवा!"

म्हटलं, "मिळवायला कशाला हवा, मॅडम... आपल्याकडे आहे."